परखनळी विसळली होती का? चाचणीच्या स्क्रिप्टमधली ग्लोबल व्हेरिएबल्स



आजचा विषय ऐकायला जरा जड वाटेल. पण तो नीट कळायला मला स्वतःला एक चूक करावी लागली आणि तिची किंमत माझ्या वर्गातल्या ३१ मुलांनी मोजली, म्हणून सविस्तर लिहिते आहे. प्रोग्रामिंगचा गंध नसलेल्या पालकांनीही वाचायला हरकत नाही. मुलांचे गुण आता बऱ्याच ठिकाणी मशीन तपासतं, आणि मशीन कुठे फसतं हे तुम्हाला माहीत असलेलं बरं.

झालं असं. आमच्याकडे अकरावीच्या ५२ मुलांना मी पायथन शिकवते. सराव परीक्षेत १० छोटे प्रश्न होते, प्रत्येकी २ गुण. म्हणजे तपासायला ५२० प्रोग्राम. हाताने एकेक चालवून पाहायचं म्हटलं तर दिवाळीची सुट्टी संपली असती. म्हणून मी तपासणारी एक स्क्रिप्ट लिहिली. ती प्रत्येक मुलाची फाइल उघडते, त्याच्या फंक्शनला नमुन्याचे आकडे देते, आलेलं उत्तर अपेक्षित उत्तराशी जुळतं का ते पाहते आणि गुण मांडते. यालाच स्वयंचलित चाचणी म्हणतात. आपल्या शहरातून इंजिनिअरिंग करून पुण्याला गेलेली कितीतरी मुलं दिवसभर हेच काम करतात. फरक इतकाच की त्यांच्या चाचणीखाली बँकेचं अ‍ॅप असतं, माझ्याकडे अकरावीचे प्रोग्राम.

आठवा प्रश्न असा होता: वर्गाच्या गुणांची यादी दिली आहे, त्यातले दुसऱ्या क्रमांकाचे गुण सांगणारं फंक्शन लिहा. माझ्या स्क्रिप्टच्या अगदी वरच्या बाजूला, सगळ्या फंक्शनांच्या बाहेर, या दोन ओळी होत्या:

नमुना_गुण = [४२, ८८, ६७, ८१, ५९, ७६]
अपेक्षित = ८१

(लेखासाठी आकडेही देवनागरीत लिहिलेत. पायथन ३ मध्ये व्हेरिएबलची नावं खरोखरच देवनागरीत ठेवता येतात. प्रोग्रामच्या ओळीतले आकडे मात्र त्याला इंग्रजीच लागतात. मुलांना हे दाखवा, मजा येते.)

निकाल लागला. आठव्या प्रश्नात ५२ पैकी फक्त ७ जण बरोबर. मला आश्चर्य वाटलं नाही, प्रश्न अवघडच होता. दुसऱ्या दिवशी वर्गात जाऊन चांगला एक तास मुलांना ऐकवलं आणि प्रश्न पुन्हा शिकवला. ते सातही जण हजेरी क्रमांक १ ते ९ मधले आहेत ही गोष्ट मला दिसली नाही. दिसणार कशी? मी निकालाची यादी एकूण गुणांप्रमाणे लावून पाहिली होती.

पुढच्या आठवड्यात पालकसभा होती. ३४ क्रमांकाच्या मुलीचे वडील भेटले. ते वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत क्वालिटी विभागात आहेत. म्हणाले, "मॅडम, पोरगी म्हणते तिचा आठवा प्रोग्राम घरी बरोबर चालतो. मला त्यातलं कळत नाही. पण आमच्याकडे सकाळपासून चांगले निघणारे जॉब अचानक ओळीने रिजेक्ट व्हायला लागले, तर आम्ही आधी जॉबला नाही, गेजला धरतो. डायल झिरोवर आहे का बघतो."

घरी येऊन मी त्या मुलीची एकटीची फाइल स्क्रिप्टमध्ये टाकली. बरोबर. दोन गुण. मग सगळ्या वर्गाबरोबर चालवली. चूक. शून्य.

एकटीने चालवलं की पास आणि रांगेत चालवलं की नापास. हे लक्षण दिसलं की संशय मुलावर घ्यायचा नाही. कुठेतरी आधीच्याचं काहीतरी मागे उरलं आहे.

उरलं होतं ते असं. ९ क्रमांकाच्या मुलाने छान युक्ती केली होती. यादीतला सगळ्यात मोठा आकडा काढून टाकायचा, मग उरलेल्यांतला मोठा सांगायचा. ८८ काढले, उरलेल्यांत मोठे ८१. उत्तर बरोबर! पण त्याने ८८ काढले ते माझ्या यादीतून. यादी एकच होती, वर लिहिलेली, सगळ्यांना तीच दिली जात होती. दहाव्या मुलाच्या हातात आली तेव्हा तिच्यात ८८ नव्हतेच. त्याच्या अगदी बिनचूक प्रोग्रामने दुसऱ्या क्रमांकाचे गुण ७६ सांगितले आणि माझ्या स्क्रिप्टने फुली मारली. पुढे आणखी दोघांनी तीच युक्ती केली होती. त्यांच्यानंतर ८१ गेले, मग ७६ गेले. शेवटच्या मुलांना सहाऐवजी तीनच आकड्यांची यादी मिळत होती. गडबड सुरू करणाऱ्याला पूर्ण गुण आणि त्याच्यामागच्या ३१ जणांना शून्य.

रसायनशास्त्राच्या शिक्षकांना हे लगेच कळेल. क्षार ओळखण्याच्या प्रात्यक्षिकात पहिल्या बॅचने परखनळी न विसळता ठेवली, दुसऱ्या बॅचच्या मुलाने तिच्यात सिल्व्हर नायट्रेट टाकलं आणि पांढरा साका आला. मुलगा लिहितो, क्लोराइड आहे. ते त्याच्या क्षारात नाही, नळीत आहे. नुसत्या नळाच्या पाण्याने विसळली तरी तोच धोका, कारण त्या पाण्यातही क्लोराइड असतं. म्हणून तर आपण ऊर्ध्वपातित पाण्याचा आग्रह धरतो.

आता ग्लोबल म्हणजे काय ते पाहू. प्रत्येक घरात एक आई असते. घरात 'आई' अशी हाक मारली की त्याच घरातली आई ओ देते, शेजारची देत नाही. एका गल्लीत वीस घरं आणि वीस आई, तरी गोंधळ नाही, कारण नाव त्या त्या घरापुरतं आहे. हे लोकल व्हेरिएबल. 'कलेक्टर' म्हटलं की मात्र कोणत्याही घरातून म्हणा, जिल्ह्याचे तेच एक कलेक्टर. हे ग्लोबल. कोणतं नाव कुठपर्यंत चालतं त्या हद्दीला स्कोप म्हणतात. पायथन नाव शोधताना आधी फंक्शनच्या आत पाहतो, नंतर ते फंक्शन दुसऱ्या फंक्शनच्या पोटात असेल तर त्यात, मग सगळ्या फाइलमध्ये, आणि शेवटी स्वतःच्या घरच्या नावांमध्ये. आधी घर, मग वाडा, मग गाव.

यात पायथनने एक कुंपण घातलेलं आहे. फंक्शनच्या आतून बाहेरचं ग्लोबल व्हेरिएबल वाचता येतं, पण आत त्याच नावाला नवी किंमत दिलीत तर पायथन गुपचूप त्या नावाचं एक नवं लोकल बनवतो. बाहेरच्याला धक्का लागत नाही. बाहेरचंच बदलायचं असेल तर 'ग्लोबल' हा शब्द लिहून तसं जाहीर करावं लागतं. मुलं इथे हमखास अडकतात. बाहेर 'एकूण' शून्यावर ठेवलेलं असतं, आत 'एकूणमध्ये १ मिळव' लिहितात आणि पायथन अनबाउंडलोकलएरर फेकतो. कारण आत किंमत दिली म्हणजे 'एकूण' लोकल झालं, आणि त्या लोकलला अजून किंमतच नाही, मिळवणार कशात?

मग हे कुंपण असताना माझी यादी कशी बिघडली? ९ क्रमांकाच्या मुलाने 'ग्लोबल' शब्द कुठेही लिहिला नव्हता. त्याला तर माझ्या व्हेरिएबलचं नावही माहीत नव्हतं.

शाळेतला सूचनाफलक डोळ्यांसमोर आणा. फलक काढून त्या जागी दुसरा लावायचा तर मुख्याध्यापकांची परवानगी लागते. पण फलकावरचं पुसायला कोणाची परवानगी लागते? डस्टर हातात असलं की झालं. पायथनचं कुंपण फलक बदलण्यापुरतं आहे, पुसण्यासाठी नाही. नावाला दुसरी वस्तू चिकटवायला तो अडवतो. नावामागची वस्तू यादीसारखी आतून बदलता येणारी असेल, तर तिच्यातून आकडा काढायला, घालायला, तिचा क्रम लावायला तो अडवत नाही. मी मुलाच्या फंक्शनला यादी 'दिली' म्हणजे प्रत दिली नव्हती, मूळ फलकाचा रस्ता दाखवला होता. आकडा, मजकूर, टपल या आतून न बदलणाऱ्या वस्तू असतात, त्यांच्या बाबतीत ही भीती नाही. यादी, डिक्शनरी आणि सेट यांच्या बाबतीत आहे.

कोणी म्हणेल, सोपं आहे, 'नवी = नमुना_गुण' लिहा आणि नवी द्या. मीही पहिल्यांदा तेच केलं आणि काही फरक पडला नाही. एकाच माणसाला घरी बंड्या म्हणतात आणि शाळेत त्याचं पूर्ण नाव असतं. बंड्या पडला की गुडघा दोघांचा फुटतो. बरोबरचं चिन्ह नवं नाव देतं, नवी वस्तू देत नाही. प्रत काढायची तर तसं वेगळं सांगावं लागतं. आणि यादीच्या पोटात आणखी याद्या असतील, समजा प्रत्येक मुलाच्या पाच विषयांच्या गुणांची यादी, तर वरवरची प्रत पुरत नाही, आतल्या याद्या जुन्याच राहतात. तेव्हा डीपकॉपी म्हणजे खोलवरची प्रत लागते.

यापेक्षा मला आवडलेला उपाय साधा आहे. यादी वर ठेवायचीच नाही. यादी तयार करून देणारं एक फंक्शन लिहायचं आणि प्रत्येक मुलाच्या आधी त्याला बोलवायचं. दरवेळी कोरी, ताजी यादी. परखनळी धुवायची भानगडच नाही, प्रत्येकाला नवी नळी.

चाचणीच्या तयार साधनांमध्ये याची सोय केलेलीच असते. पायथनसोबत येणाऱ्या युनिटटेस्टमध्ये सेटअप नावाचं फंक्शन आहे, ते प्रत्येक चाचणीआधी आपोआप चालतं. टेअरडाउन नंतरची आवराआवर करतं. पायटेस्टमध्ये याच कामाला फिक्स्चर म्हणतात. त्या पालकांना मी हा शब्द सांगितला तर ते हसायलाच लागले. जिग-फिक्स्चर हा त्यांचा रोजचा शब्द! जॉब मशीनवर दरवेळी त्याच जागी, तसाच पकडून ठेवणारं साधन म्हणजे फिक्स्चर. चाचणीतही तेच काम: प्रत्येक वेळी सुरुवात एकाच ठिकाणाहून.

पायटेस्टमध्ये फिक्स्चरचा स्कोप तुम्हीच ठरवता, आणि खरी कसरत इथे आहे. प्रत्येक चाचणीला नवं की एका वर्गाला एक, की एका फाइलला एक, की सगळ्या सत्राला मिळून एक? प्रयोगशाळेकडे पाहून ठरवा. परखनळी प्रत्येक मुलाला वेगळी. बर्नर एका टेबलाला एक चालतो. गॅसची टाकी अख्ख्या लॅबला एकच, ती प्रत्येक मुलासाठी कोणी बदलत नाही. मोठ्या कामात डेटाबेसशी जोडणी करायला किंवा ब्राउझर उघडायला वेळ लागतो, म्हणून ते सत्रभर एकदाच उघडून ठेवतात, आणि त्यात काही चूक नाही. चूक तेव्हा होते जेव्हा त्या सामाईक ब्राउझरमध्ये पहिल्या चाचणीने केलेलं लॉगिन तसंच राहतं आणि 'लॉगिन न करता आत जाता येत नाही' हे तपासणारी पुढची चाचणी आरामात आत शिरते. माझं मत विचाराल तर पहिल्यांदा सगळं परखनळीसारखं करा. फार हळू चालतंय असं खरोखर दिसलं, तरच एकेक वस्तू बर्नरच्या यादीत टाका.

इथपर्यंत माझी चूक मुलांच्या तोट्याची होती, म्हणून उघडकीला आली. ज्याचे गुण गेले तो तक्रार करतो. स्क्रिप्ट दुरुस्त करताना मला दुसरी चूक सापडली, तिच्याबद्दल कोणीच तक्रार केली नव्हती.

मी प्रत्येक मुलाची फाइल माझ्या स्क्रिप्टच्याच ग्लोबल नावांमध्ये चालवत होते. असं समजा की पायथनकडे नावांची एक वही असते. पहिल्या मुलाची फाइल चालली, त्याची दहा फंक्शनं वहीत लिहिली गेली. दुसऱ्याची चालली, त्याच नावांवर त्याची फंक्शनं लिहिली गेली, जुनी खोडली गेली. वरवर ठीक. पण १७ क्रमांकाच्या मुलाने सरासरीचा प्रश्न सोडवलाच नव्हता. फाइलमध्ये ते फंक्शन नव्हतंच. मग वहीत काय उरलं? १६ क्रमांकाच्या मुलीचं. माझ्या स्क्रिप्टने तिचंच फंक्शन पुन्हा तपासलं आणि १७ क्रमांकाला पूर्ण गुण दिले. आणखी एका मुलीने फंक्शनचं नाव लिहिताना चूक केली होती, तिलाही असेच आयते गुण मिळाले होते.

यावरचा उपाय प्रत्येकाला वेगळी वही देणं. म्हणजे प्रत्येक फाइल वेगळ्या, रिकाम्या डिक्शनरीत चालवणं. मी आता त्याहून पुढे जाऊन प्रत्येक मुलाची फाइल वेगळ्या प्रोसेसमध्येच चालवते. एक संपली की तिची सगळी नावं तिच्याबरोबर जातात. शिवाय एखाद्याचा प्रोग्राम न संपणाऱ्या फेऱ्यात अडकला तर १० सेकंदांनी त्याला बंद करता येतं, बाकीचा वर्ग खोळंबत नाही. मुलांच्या फाइली आयात करून तपासत असाल तर एक लक्षात ठेवा: एकदा आयात केलेलं मॉड्यूल पायथन त्याच प्रोसेसमध्ये पुन्हा वाचत नाही, साठवलेलंच देतो. त्याच्या आतली ग्लोबल व्हेरिएबल्स आधीच्या चाचणीने जशी सोडली तशीच असतात.

बारावीला माहिती तंत्रज्ञान शिकवणाऱ्यांनी आणखी सावध राहावं, कारण तिथे जावास्क्रिप्ट आणि पीएचपी दोन्ही येतात आणि दोघांचे नियम पायथनपेक्षा निराळे आहेत. पीएचपीच्या फंक्शनमध्ये बाहेरचं ग्लोबल व्हेरिएबल नुसतं वाचायचं असलं तरी 'ग्लोबल' लिहावं लागतं. जावास्क्रिप्टचं नेमकं उलट. फंक्शनच्या आत जाहीर न करता एखाद्या नावाला किंमत दिली, तर साध्या मोडमध्ये ते थेट ग्लोबलच होऊन बसतं. मुलाने 'लेट' लिहायचं विसरलं की घरातली आई परस्पर कलेक्टर झाली! स्ट्रिक्ट मोड लावला तर तिथेच त्रुटी येते, म्हणून तो लावायची सवय मुलांना सुरुवातीपासून लावा.

एवढं वाचून ग्लोबल म्हणजे वाईटच असं मनात आलं असेल, तर आपल्या शहराचंच उदाहरण घेऊ. प्रगतिपत्रक आणि दाखले छापायचा एक लहान प्रोग्राम मी काही वर्षांपूर्वी लिहिला होता. त्याच्या चाचण्यांमध्ये शाळेच्या पत्त्याची ओळ तपासलेली होती, 'औरंगाबाद' हा शब्द जागोजागी हाताने टाइप केलेला. फेब्रुवारी २०२३ मध्ये शहराचं नाव छत्रपती संभाजीनगर झालं. जिल्हा, तालुका आणि विभाग यांची नावं त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये बदलली. रेल्वे स्थानकाचं नाव बदलायला २०२५ उजाडलं. प्रत्येक वेळी मी वेगवेगळ्या फाइलींमध्ये शोधत फिरले आणि दर वेळी एखादी जागा राहिलीच. शहराचं नाव एकाच ठिकाणी ग्लोबल म्हणून लिहिलं असतं तर एका ओळीत काम झालं असतं. न बदलणारी, किंवा क्वचित आणि सगळीकडे एकदम बदलणारी गोष्ट ग्लोबलच हवी. कमाल गुण, उत्तीर्णतेची मर्यादा, शाळेचा पत्ता, वेबसाइटचा मूळ पत्ता ही त्यातलीच. पायथनमध्ये अशी नावं मोठ्या लिपीत लिहायचा संकेत आहे, 'याला हात लावू नका' अशा पाटीसारखा. संकेतच आहे, कुलूप नाही.

पण घाईघाईने मी सगळीकडे तो एक ग्लोबल घातला आणि लगेच दुसरी अडचण आली. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर जन्मस्थळ असतं, ते जनरल रजिस्टरमधून येतं. रजिस्टरमध्ये जी नोंद आहे तीच दाखल्यावर यायला हवी, आपल्या मनाने ती बदलता येत नाही. माझ्या बदलानंतर पंधरा वर्षांपूर्वी नोंदलेल्या मुलाचं जन्मस्थळही नव्या नावाने छापलं जाऊ लागलं. चाचण्या सगळ्या हिरव्या, कारण चाचणीतही तोच ग्लोबल आणि प्रोग्राममध्येही तोच! दोन्हीकडे एकच चुकीची किंमत, मग तुलना बरोबरच येणार. म्हणून अपेक्षित उत्तर चाचणीत स्वतंत्रपणे, हाताने लिहावं. ज्या प्रोग्रामची परीक्षा घेतोय त्याच्याच व्हेरिएबलमधून ते काढू नये. मुलाच्या वहीतूनच उत्तरपत्रिका तयार करून त्याचा पेपर तपासल्यासारखं होतं ते. आता 'शाळेचं शहर' हे ग्लोबल आहे आणि 'जन्मस्थळ' हे त्या मुलाच्या नोंदीपुरतं. शब्द एकच, स्कोप दोन. बिहारमध्येही औरंगाबाद नावाचा जिल्हा आहे हे लक्षात घेतलं तर नुसतं शोधा-आणि-बदला किती धोक्याचं आहे ते कळेल.

हे सगळं संगणकवाल्यांना नवीन नाही. विल्यम वुल्फ आणि मेरी शॉ या दोघांनी १९७३ मध्येच ग्लोबल व्हेरिएबल घातक आहे असं सांगणारा लेख लिहिला होता. आणि सामाईक व्हेरिएबलची किंमत गुणांपुरती राहत नाही. थेरॅक-२५ हे किरणोपचाराचं कॅनडात बनलेलं यंत्र होतं. १९८५ ते १९८७ या काळात त्यातून सहा रुग्णांना भलताच जास्त मारा बसला, काहींचा त्यात जीव गेला. शेवटच्या, वॉशिंग्टन राज्यातल्या अपघातामागे एक सामाईक व्हेरिएबल सापडलं. ते शून्य असेल तर 'सगळं जागेवर आहे' आणि शून्य नसेल तर 'तपासणी करा', असा त्याचा अर्थ होता. तयारीची तपासणी करणारा भाग दर फेरीत त्यात एक ठरलेली किंमत ठेवण्याऐवजी १ मिळवत असे. ते व्हेरिएबल एका बाइटचं होतं. एका बाइटमध्ये २५५ पर्यंतच मावतं, त्यामुळे दर २५६ व्या फेरीला ते पुन्हा शून्य होई. नेमक्या त्या क्षणी बटण दाबलं गेलं आणि तपासणी झालीच नाही. त्या भागाचं नाव होतं सेट-अप टेस्ट.

आता तुमच्याकडे अशी स्क्रिप्ट असेल, किंवा मुलाची शाळा अशा स्क्रिप्टने तपासत असेल, तर काय पाहायचं? मी तीन गोष्टी करते. नापास झालेली प्रत्येक फाइल एकटी चालवून पाहते. मग सगळ्या वर्गाची चाचणी उलट्या क्रमाने आणि एकदा क्रम पिसून चालवते, कारण मुलाचे गुण त्याच्या हजेरी क्रमांकावर अवलंबून असता कामा नयेत. (युनिटटेस्ट एका वर्गातल्या चाचण्या नावाच्या अक्षरक्रमाने चालवतो. म्हणजे १० क्रमांकाची २ च्या आधी येते. कित्येकांच्या चाचण्या केवळ त्या क्रमामुळे पास होत असतात आणि एखादीचं नाव बदललं की कोसळतात.) तिसरी गोष्ट, मध्येच एक पूर्ण रिकामी फाइल घुसवते. तिला शून्यच मिळायला हवं. दोन जरी गुण मिळाले तरी वही सामाईक आहे हे नक्की. तुमच्या मुलाच्या बाबतीत शंका असेल तर शिक्षकांना एवढंच विचारा: "याची फाइल एकटी चालवून पाहिली का?" कोणाला राग येण्यासारखा हा प्रश्न नाही. मला तर त्याने वाचवलं.

यादीतून आकडा काढणाऱ्या त्या तिघांचे गुण मी कापावेत का, यावर शिक्षकखोलीत बरीच चर्चा झाली. एका सरांचं म्हणणं, दुसऱ्याची वस्तू न विचारता मोडली, गुण कापाच. मी कापले नाहीत. दिलेली यादी जशीच्या तशी परत राहिली पाहिजे असं माझ्या प्रश्नात कुठे म्हटलं होतं? पुढच्या प्रश्नपत्रिकेत ते वाक्य घातलं आहे आणि फंक्शन चालून झाल्यावर यादी पूर्वीसारखी आहे ना, ही चाचणीही वाढवली आहे.

३१ जणांचे गुण दुरुस्त झाले, आणि आधीच्या आठवड्यात उगीच बोलणी खाल्लेल्या वर्गाची मी माफी मागितली. ३४ क्रमांकाची मुलगी मागच्या बाकावरून म्हणाली, "मॅडम, पप्पांना फोन करून सांगू का गेज सापडला म्हणून?"

राहिले ते आयते गुण मिळालेले दोघं. त्यांना तासानंतर बोलावून काय झालं ते सांगितलं. मुलगा म्हणाला, त्याला निकाल पाहताच कळलं होतं, पण मशीनने दिलेत म्हणजे काहीतरी असेल असं वाटलं. मी गुण काढले नाहीत, तिथेच बसून सरासरीचं फंक्शन लिहायला सांगितलं. दोघांनी दहा मिनिटांत लिहिलं. मग मी त्यांना रिकामी यादी देऊन पाहिली आणि दोघांचेही प्रोग्राम शून्याने भागाकार करायला जाऊन अडले. ती चाचणी माझ्या स्क्रिप्टमध्येही नव्हती. त्या संध्याकाळी घातली.